रेडिएशन मोजायचं मशीन घेतलं, सहा महिने वापरलं, माझा अनुभव

मार्चमध्ये हे मशीन मागवलं. गायगर काउंटर म्हणतात त्याला, शर्टाच्या खिशात मावते, मोबाईलपेक्षा थोडं जाड, ५,८०० रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हेच मशीन, हाच डबा, हेच फोटो चार-पाच वेगळ्या नावांनी विकायला दिसतात. आमच्या गावचा पिनकोड टाकला की डिलिव्हरी होत नाही असं येते, म्हणून आर्वीला मित्राच्या दुकानाचा पत्ता दिला, नवव्या दिवशी पार्सल आलं. माझं कृषी केंद्र आहे, एवढ्या पैशात बीटी कापसाच्या सहा थैल्या आल्या असत्या, हे बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तिचं बरोबरच होतं. तरी घेतलं. का घेतलं ते आधी सांगतो, त्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही.

माझ्या मायला मागच्या वर्षी छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, मग किमो, मग शेक. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात, काही जण लाईट म्हणतात, २५ लाईट लावले. हे सगळं सुरू व्हायच्या आधी एक पेट स्कॅन झाला होता, म्हणजे अंगात कॅन्सर कुठं कुठं आहे ते दाखवणारी तपासणी, त्यात साखरेसारखं एक औषध शिरेतून देतात, ते स्वतः किरणं सोडते, आणि तिथल्या सिस्टरनं बाहेर येऊन सांगितलं होतं की आजचा दिवस लहान लेकरांपासून आणि गरोदर बायांपासून दूर ठेवा. आजचा दिवस. हे दोन शब्द नागपूर ते गाव या रस्त्यात कुठंतरी गळून पडले आणि गावात पोचलं ते एवढंच की लेकरांपासून दूर ठेवा. मग शेक सुरू झाला, किमोनं केस गेले, आणि त्याच सुमारास चेर्नोबिलचा, म्हणजे १९८६ मध्ये युक्रेनमध्ये अणुभट्टी फुटली होती त्याचा, एक व्हिडिओ गावातल्या ग्रुपवर फिरून राहिला होता, त्यात आगीवर पाणी मारणाऱ्या लोकांचे केस गेलेले, कातडी गेलेली, आणि नर्स घरच्यांना सांगून राहिली की हात लावू नका. झालं. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. केस गेले म्हणजे तेच झालं.

कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगतो. फक्त शेजारच्या काकूंनी वाटी परत घेणं बंद केलं, म्हणाल्या ठेव जी, काय घाई आहे. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. दादाचं लेकरू तेव्हा चार महिन्यांचं, वहिनी ते मायच्या मांडीवर देईना, आणि वहिनी काही वाईट बाई नाही, रात्र रात्र मायजवळ बसलेली आहे ती, पण लेकरू आलं की तिचे हात मागं जायचे. आणि मायनं स्वतःच आपला स्टीलचा ग्लास वेगळा केला, त्याच्यावर खिळ्यानं फुली मारून घेतली. मी म्हटलं कायले करतं हे सगळं, तर म्हणे, "राहू दे बापू, मी म्हातारी, माहं काय, पन लेकराले कायी झालं त."

तान्हा पोळ्याला आमच्या दारात दरवर्षी तीस-पस्तीस पोट्टे येतात, लाकडी बैल घेऊन, माय बोजारा वाटते, दहा दहाची नवीन नाणी आधीच आणून ठेवलेली असतात. मागच्या वर्षी दोन आले. तेही दादाच्या मित्राचे, शिकवून पाठवलेले, ओसरीच्या खाली उभे राहिले. नाण्यांचं ताट संध्याकाळपर्यंत देवाजवळ तसंच होतं.

म्हणून मशीन.

आता मशीनबद्दल. आत काचेची एक नळी असते, गायगर-म्युलर ट्यूब म्हणतात, तिच्यात गॅस भरलेला, किरण आत गेला की एक कट वाजते. मिनिटाला किती कट झाले ते मोजते आणि त्यावरून मायक्रोसिव्हर्ट प्रति तास असा आकडा दाखवते. आवाज तव्यावर तीळ तडतडतात तसा, एकसारखा नाही, कधी दोन लागोपाठ, कधी तीन सेकंद काहीच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं मशीन खराब आहे कारण आकडा ०.०८ वरून ०.१९ वर जाते, परत खाली येते. तसं नसते. किरणं येतातच अशी वेडीवाकडी, दहा मिनिटं एका जागी ठेवा आणि सरासरी पाहा, मग तो आकडा खरा. ऑनलाईन ज्यांनी एक स्टार देऊन "रीडिंग उड्या मारते" लिहिलं आहे त्यांनी दहा मिनिटं थांबलेलं नाही.

आमच्या घरात ०.१३ येते. वावरात काळ्या मातीत ०.१० च्या आसपास, कारण आमच्याकडे खाली बेसाल्टचा काळा दगड आहे आणि त्याच्यात हे कमीच असते. चंद्रपूरला बहिणीकडे नेलं होतं, तिच्या किचनच्या ग्रॅनाईटच्या ओट्यावर ०.२४ आलं, ताई घाबरली, तिला सांगितलं की ग्रॅनाईटमध्ये नैसर्गिकच थोडं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असते, त्यानं काही होत नाही. ०.१३ चा वर्षाचा हिशोब केला तर १.१ मिलिसिव्हर्ट होते (हजार मायक्रोचा एक मिलि). जगात माणसाला निसर्गातूनच सरासरी वर्षाला २.४ मिळते, त्यात श्वासातला रेडॉन वायू पण आला जो हे मशीन पकडत नाही. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूत थोरियम आहे, तिथं काही जागी वर्षाला ७० पर्यंत जाते, पिढ्यान् पिढ्या लोक राहतात, जवळपास ७० हजार लोकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला तरी त्यानं कॅन्सर वाढलेला दिसला नाही. पोटाचा एक सीटी स्कॅन साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट. हे आकडे मी तोंडपाठ केले, कारण समोरचा विचारते की ०.१३ म्हणजे किती, आणि तुमच्याजवळ उत्तर नसलं तर तो आकडा पाहूनच घाबरते.

मायजवळ धरलं, ०.१३. भिंतीजवळ धरलं, ०.१३. शेक संपून तेव्हा सात महिने झाले होते, पण शेक संपल्याच्या दुसऱ्या मिनिटाला धरलं असतं तरी हाच आकडा आला असता, कारण बाहेरून मशीननं दिलेला शेक म्हणजे बॅटरीचा उजेड आहे. उजेड अंगावर पडला म्हणून माणूस बॅटरी होत नाही. चेर्नोबिलच्या लोकांच्या अंगावर, कपड्यांवर धूळ होती, ती गोष्ट वेगळी. ते जिनिंगमधून आलेल्या माणसासारखं, अंगावर रुई घेऊन येते, जिथं बसल तिथं थोडी पडते. त्यांचेही कपडे काढून अंग धुतलं की जवळच्या माणसांना असलेला बहुतेक धोका तिथंच संपत होता. आणि आमच्या मायच्या छातीला जे मिळालं ते फक्त तेवढ्याच जागी, रोज थोडं थोडं. त्या लोकांना पूर्ण अंगाला एकदम मिळालं. १३४ जणांना तो रेडिएशनचा तीव्र आजार झाला, सगळे त्या प्लांटवर काम करणारे किंवा आग विझवणारे, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांत गेले, आणि दोघं त्याच रात्री स्फोटात. ही माणसं खरोखर गेली, त्यांचे हाल झाले, ते मी कमी करून सांगत नाही. पण व्हिडिओ पाहून लोकांना वाटते की हजारो लोक तसेच कातडी गळून मेले. तसं झालं नाही.

०.१३ दाखवल्यावर घरी कोणाला पटलं का? नाही. वहिनी म्हणे मशीन बंद असन. काकू म्हणाल्या चायनाचं आहे. आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं, कारण जे मशीन सगळीकडे एकच सांगते ते चालू आहे का बंद, हे समजावं कसं? बाबांच्या फोटोला धरलं तरी ०.१३, देवाला धरलं तरी ०.१३.

मग ती गॅसबत्ती सापडली. आमचे आजोबा लग्नात, भजनात गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे, माळ्यावर पेटीत सामान पडलेलं, त्यात मेंटलची, म्हणजे बत्तीत जी जाळी पेटते तिची, दोन जुनी पाकिटं, कागद पिवळा पडलेला. मी कुठंतरी वाचलं होतं की जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, त्यानंच तो पांढरा लख्ख उजेड पडायचा. पाकीट ओट्यावर ठेवलं आणि मशीन वर धरलं. तीळ तडतडायचे त्याच्या जागी लाह्या फुटायला लागल्या, आकडा २ च्या वर गेला, अलार्म वाजला, दादाचं लेकरू रडलं. सगळे आले पाहायला. मी पाकीट एक हात दूर सरकवलं, आकडा खाली. दोन हात, ०.१३. परत जवळ, परत आवाज. काकू स्वतः तीन वेळा करून पाहिल्या. "हे त आमच्या लग्नात डोक्शावर होतं जी," असं म्हणाल्या आणि गप्प झाल्या, हसल्या नाहीत. पूर्ण मांडवभर लोक रात्रभर त्या उजेडात जेवले आहेत. (मेंटल फोडून त्याची राख नाकातोंडात जाऊ देऊ नये, एवढं मात्र पाळा. मी पाकिटं प्लास्टिकच्या डब्यात बंद करून ठेवली.)

तेव्हापासून लोक दुकानात येऊन काय काय मोजून नेतात. पोटॅश खताच्या पोत्यावर ०.२७ येते, दुप्पट, कारण पोटॅशियममध्ये निसर्गतःच थोडा भाग किरणोत्सारी असतो, तो केळात पण आहे, तुमच्या माझ्या अंगात पण आहे. एक काकाजी पोटॅशचं पोतं परत करायला निघाले होते, त्यांना बसवून चहा पाजून समजावलं. आणि तिथंच मला एक गोष्ट फार लागली. ते काकाजी फवारणीला उघड्या हातानं जातात. तोंडाला फडकं नाही. औषध हातानं ढवळतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन २० च्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाले, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, त्या हंगामात माझ्या दुकानात ग्लोव्हज संपले होते आणि दुसऱ्याच हंगामात परत धूळ खात पडले. त्या माणसाला पोटॅशच्या ०.२७ ची भीती वाटली. मी दुकानदार आहे, मीच ती औषधं विकतो, म्हणून जास्त लागलं. त्या दिवसापासून औषधाच्या बिलासोबत ग्लोव्हज आणि मास्क स्वतःहून समोर ठेवतो, घेवो न घेवो.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. मायचा परत पेट स्कॅन होता. पहाटे चारला निघालो, भाड्याची गाडी केली कारण येताना एसटीत लेकरं असतात. दहा वाजता इंजेक्शन दिलं. परत सिस्टरनं तेच सांगितलं, आजचा दिवस. या वेळी मी तिला म्हटलं ताई, हे कागदावर लिहून द्या, तारीख आणि वेळ टाकून. तिनं दिलं, चांगली बाई होती.

येताना गाडीत मशीन माझ्या खिशात, माय मागच्या सीटवर. कोंढाळीजवळ चालू केलं, चार वाजले असतील, २.६. अलार्म वाजायला लागला, ड्रायव्हर घाबरून गाडी बाजूला घ्यायला लागला. त्याला सांगितलं की तुला या प्रवासात जे मिळाल ते एका छातीच्या एक्सरेच्या आसपासही मुश्किलीनं जाईन, चाल. माय मात्र खिडकीकडे सरकून बसली, पदर आवळून, जसं काही तिच्यातून काही सांडून राहिलं. ते पाहून मी आवाज बंद केला.

घरी रात्री नऊला ०.५५. मी मुद्दाम काकूंना बोलावलं, दादाला, वहिनीला. वहिनीनं लेकरू खोलीतच ठेवलं आणि ते त्या रात्री बरोबरच होतं, मीच तिला सांगितलं की आज नको. त्यांना सांगितलं की या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी अर्धा होते. अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा. चोवीस तासांत आठ हजारावा भाग पण राहत नाही, आणि बरंचसं लघवीवाटे आधीच निघून जाते. वहिनी बारावी सायन्स आहे, तिनं पाटीवर भागाकार करून पाहिला. मी मशीन तिच्याच हातात दिलं, म्हटलं तूच ठेव, रात्री वाटेल तेव्हा उठून पाहा.

ती उठली. अकराला, एकला, साडेतीनला. सकाळी मी उठलो तर मायच्या खाटेजवळ स्टुलावर मशीन, ०.१३, आणि त्याच्याजवळ पाटी, तिच्यावर वेळा आणि आकडे लिहिलेले. ०.३१. ०.२०. ०.१५. ०.१३. खाली रेघ मारलेली. चहा झाला, वहिनी आतून लेकरू घेऊन आली आणि काही न बोलता मायच्या मांडीवर दिलं. माय त्याला धरेचना. हात वर घेऊन बसली, मी पडते मी पडते करत. लेकरानंच तिची माळ पकडली.

मेंटल वाजलं आणि माय रात्री वाजली, सकाळी वाजली नाही, म्हणून पटलं. नुसता ०.१३ सहा महिने दाखवला असता तर पटलं नसतं. मशीन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, घरात कोणाला समजवायचं असेल तर आधी वाजते ते दाखवा.

तेव्हापासून मी या विषयाचं जे हाताला लागते ते वाचून राहिलो आणि जे समजलं ते थोडं लिहितो, कारण मला वाटते आमच्या घरात जे झालं तेच तिकडे लाखो लोकांसोबत झालं. चेर्नोबिलनंतर जागतिक आरोग्य संघटना आणि बाकी संस्थांनी २००५ मध्ये वीस वर्षांचा हिशोब मांडला, तर सगळ्यात जास्त किरणं खाल्लेल्या सहा लाख लोकांमध्ये शेवटपर्यंत मिळून ४,००० पर्यंत जास्तीचे मृत्यू होऊ शकतात असा अंदाज दिला. यावर वाद आहेत, काही संघटनांनी कितीतरी मोठे आकडे सांगितले. पण त्याच अहवालात लिहिलं आहे की लोकांच्या तब्येतीचा सगळ्यात मोठा प्रश्न मनाचा झाला. आपण आता बाधित, आपलं काही खरं नाही, आपल्या अंगात आहे, असं मनात बसलं की माणूस तब्येतीकडे पाहणंच सोडून देते. हे वाचलं तेव्हा मला फुली मारलेला ग्लास दिसला.

ग्रीससारख्या दूरच्या देशात, जिथं अगदी नगण्य किरणं पोचली, तिथं घाबरून अडीच हजारांच्या आसपास बायांनी पाडून घेतलं असा अंदाज आहे, हवीहवीशी लेकरं. आणि चेर्नोबिलला काम केलेल्या आणि बाधित झालेल्या लोकांच्या मुलांची जनुकं तपासली, २०२१ मध्ये ते छापून आलं, आईबापांकडून आलेले जास्तीचे बिघाड सापडले नाहीत. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या हजारो मुलांमध्येही आनुवंशिक परिणाम दिसून आले नाहीत, तरी त्यांची लग्नं मोडायची. आमच्या भाचीला पाहायला आले होते त्यांनीही मध्यस्थाकडून विचारलंच की आजीले लाईट लावले म्हनते, पोरीच्या पोटी काही येन का. मी ती दोन वाक्यं त्यांना फोनवर सांगितली. जमलं नाही ते स्थळ, पण सांगितलं.

फुकुशिमाचं तर अजूनच जवळचं वाटलं. ११ मार्च २०११, जपानमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली आणि त्यात तिथली अणुभट्टी बिघडली. लोकांना वाटते तिथं १८-२० हजार माणसं अणुभट्टीनं मेली. ती भूकंप आणि त्सुनामीनं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीनं तपासलं तर तिथल्या रहिवाशांमध्ये रेडिएशनमुळं झाला असं म्हणता येईल असा तब्येतीवरचा परिणाम आढळला नाही. एका कामगाराच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरनं झालेल्या मृत्यूचा संबंध जपान सरकारनं २०१८ मध्ये मान्य करून भरपाई दिली. पण हलवाहलवीत, छावण्यांत, औषधाविना, घर सुटल्याच्या धक्क्यानं फुकुशिमा प्रांतात २,३०० पेक्षा जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारे. दवाखान्यातून, वृद्धाश्रमातून गाड्यांत घालून तासन् तास फिरवले. आणि तिथून दुसरीकडे गेलेल्या लेकरांना शाळेत बाकीच्या पोरांनी छळलं, तुमच्या अंगात आहे म्हणून. जपानसारख्या शिकलेल्या देशात. मग मला आमच्या गावचा राग येणं थांबलं.

पण कोणी असं समजू नका की मी म्हणून राहिलो की काहीच होत नाही. चेर्नोबिलनंतर लहान मुलांना गळ्याच्या थायरॉईड ग्रंथीचा कॅन्सर खरोखर झाला, २००५ पर्यंत ६,००० च्या वर, त्यातले बरेच या किरणांमुळं, आणि ते टाळता आले असते. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गायीनं खाल्लं, दुधात उतरलं, लेकरांनी प्यालं. आपल्याकडे दूधवाल्यांना हे लगेच समजन. त्या आयोडीनचा जोर आठ दिवसांत अर्धा होते, म्हणजे दोन-तीन महिने दूध थांबवलं असतं तर खूप लेकरं वाचली असती, पण सरकारनं वेळेवर सांगितलंच नाही. पोलंडनं लगोलग जवळपास एक कोटी मुलांना साध्या, किरणं न सोडणाऱ्या आयोडीनचा डोस पाजला, म्हणजे ग्रंथीत त्या दुसऱ्या आयोडीनला जागा उरत नाही. सुदैवानं हा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होते, त्या ६,००० पैकी तोपर्यंत १५ गेले, पण आयुष्यभर गोळी आणि गळ्यावरची खूण राहिलीच. आणि आपल्या देशात २०१० मध्ये दिल्लीला मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्टचं जुनं यंत्र कापलं, एक जण गेला, बाकीचे भाजले. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ मध्ये असंच बंद दवाखान्यातलं मशीन भंगारात फोडलं, आतली निळी चमकणारी पूड घरोघर वाटली, चार जण गेले, त्यात एक लहान पोरगी. तिच्या अंत्यविधीला लोकांनी विरोध केला, दगड मारले. तपासणीला १ लाख १२ हजार लोक रांगेत लागले, प्रत्यक्षात २४९ जणांवर ती पूड सापडली. म्हणून आमच्या गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला मी सांगून ठेवलं आहे की शिशाचं जड, बंद, तीन पाकळ्यांचं पिवळं चिन्ह असलेलं काही आलं तर फोडू नको, आधी पोलिसांना सांग.

मशीनच्या खोड्या. सोबतचं पुस्तक अर्धं इंग्रजी अर्धं चिनी. त्यात एक रंगीत तक्ता आहे, ०.५० च्या वर पिवळा, मग लाल आणि त्याच्यावर कवटी, हा तक्ता चुकीची भीती घालते, पहिल्याच दिवशी फाडून टाका. अलार्म ०.५० ला लावलेला येते, मी ५ वर नेला. बॅटरी दीड दिवस. उन्हाळ्यात ४६ डिग्रीत स्क्रीन काळी पडली, सावलीत आल्यावर ठीक झाली. एक मशीन मित्रानं माझ्या सांगण्यावरून घेतलं ते मुळातच बंद निघालं, विकणाऱ्यानं पैसे परत द्यायला दीड महिना लावला, म्हणून आल्या आल्या पोटॅशच्या पोत्यावर ठेवून तपासून घ्या, सगळ्यात सोपी टेस्ट.

मोबाईलच्या टॉवरचं हे काही सांगत नाही. आमच्या टॉवरखाली ०.१२ येते, घरापेक्षा कमी. टॉवरच्या लहरी वेगळ्या जातीच्या, त्या या नळीला दिसतच नाहीत, त्यामुळे टॉवर चांगला का वाईट हे यावरून भांडू नका. पाण्यातलं फ्लोराईड मोजत नाही, लोक बाटल्या घेऊन येतात, त्यांना तालुक्याच्या लॅबला पाठवतो. धान्यात, दुधात किती आहे ते घरच्या घरी या मशीननं समजत नाही. दवाखान्यातल्या एक्सरेचा झटका इतका छोटा असते की हे नीट पकडत नाही.

घ्यायचं का? घरात कोणाला शेक चालू असेल आणि माणसं दूर सरकून राहिली असतील तर घ्या, किंवा कोणाचं मागून आणा, माझं आतापर्यंत सात घरी जाऊन आलं. फक्त एक, थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन पाजलं असेल किंवा पोटात आतून शेकाची सुई ठेवलेली असेल तर मशीनवर जाऊ नका, डॉक्टर जेवढे दिवस दूर ठेवा म्हणतील तेवढे दिवस ठेवा, आणि ते दिवस कागदावर लिहून घ्या. उगाच हौस म्हणून ५,८०० घालू नका. मी पाचपैकी चार देतो, एक तक्त्याचा कापला.

या वर्षी तान्हा पोळ्याला एकोणीस पोट्टे आले. माय ओसरीवर बसली होती, दादाचं लेकरू मांडीवर, आणि काकूंचा नातू आपला बैल तिच्या पायाशी ठेवून ओवाळून घेत होता. नाणी कमी पडली, मला दुकानातून सुटे आणायला पळावं लागलं. ग्लास अजून वेगळाच आहे. सकाळी घासताना वहिनी तो सगळ्या ग्लासांत मिसळून ठेवते, आणि संध्याकाळी माय फुली पाहून तोच काढून घेते.